हे कोनासाठी कापलं?

जेवायला बोलावलं तर उपाशी उठणारा आणि न बोलावता आला तर पोटभर जेवून जाणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा व्याही आहे. माझ्या लेकीचे, प्रज्ञाचे, सासरे. ते राहतात मारेगावला, मी राहतो नेरला. मध्ये यवतमाळला बस बदलावी लागते आणि बस बदलताना कमरेचे हाल होतात. तरीही हा माणूस इतकी वर्षं माझ्या रविवारांवर ठाण मांडून बसलेला होता. मी तहसिलीत आयुष्यभर दाखले देत आलो. रहिवासाचा, हयातीचा, उत्पन्नाचा. निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, सुटलो, आता कोणाला काही लिहून द्यायचं नाही. तर व्याही मिळाले ते असे, की त्यांच्या ताटात मटण वाढण्याआधी ते बकरं कोणाच्या नावावर मेलं याचा तोंडी दाखला द्यावा लागतो.

पहिला प्रसंग सोयरीक ठरली त्याच आठवड्यातला. आमच्याकडे व्याही पहिल्यांदा घरी आला की गावरान कोंबडा कापतात. त्यात विचारायचं काही नसतं, चहा विचारून ठेवतात का कोणी? बायकोनं आदल्या दिवशीपासून मसाला भाजायला घेतला होता. व्याही आले, हातपाय धुतले, पाटावर बसले, भाकर मोडली, रश्शाचा वास घेऊन डोळेही मिटले. आणि मग डोळे उघडून शांतपणे विचारलं, "ईनबाई, हे कोनासाठी कापलं?"

बायको कौतुकानं म्हणाली, "तुमच्यासाठीच तं, इवाई! तुमच्यापरीस मोठं कोन हाय आमाले?"

जगातला दुसरा कुठलाही व्याही यावर खूश झाला असता. यांनी दोन बोटांनी वाटी बाजूला सरकवली. म्हणाले, "मंग मले नाई चालत. चटनी हाय का?" आणि जवसाच्या चटणीशी तीन भाकरी खाल्ल्या, वर चटणीची तारीफ केली. बायको चुलीपाशी पदर तोंडाला लावून रडत होती. सोयरीक मोडली, असंच मी धरून चाललो होतो.

जेवण झाल्यावर ओट्यावर सुपारी कातरत त्यांनी सगळा उलगडा केला. पावसाळ्यातल्या वर्षावासात त्यांच्या विहारात भन्तेजींचं प्रवचन झालं होतं. भिक्षेत पडलेलं मांस भिक्षूनं कधी घ्यावं, हा विषय. ते आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नसावं, ऐकलं नसावं, तशी शंकाही मनात नसावी, तर चालतं, असं भन्तेजींनी समजावून सांगितलं. ऐकायला सगळं गाव होतं. सगळ्यांनी ऐकलं, वंदना घेतली आणि घरी जाऊन रविवारचं मटण जेवले. यांच्या मात्र ते जिव्हारी लागलं. सकाळी पंचशीलातलं पहिलं, जीवहिंसा न करण्याचं शील म्हणायचं आणि दुपारी नळी फोडायची, हे त्यांना आधीपासूनच खुपत होतं. मटण तर सुटत नव्हतं. आता वाट सापडली. वीज खात्यात जन्मभर वायरमन होते, त्यामुळे त्यांनी ते आपल्या परीनं समजून घेतलं. मला म्हणाले, "इवाई, मीटर कोनाच्या नावावर हाय ते पाह्यलं पायजे. माह्या नावावर नसलं तं माह्यावर कायी बिल निघत नाई."

मी म्हणालो, "इवाईबुवा, तो नेम भिक्षूयचा हाय. ते दारोदार फिरते, झोळीत जे पडलं ते घेते. तुमी पेन्शनवाले मानसं. तुमाले कायले?"

"मंग मी बी फिरतो," ते म्हणाले.

आणि खरंच फिरू लागले. लग्न झालं, प्रज्ञा मारेगावला नांदायला गेली, आणि आमच्या घरी न सांगता येण्याचा यांचा क्रम सुरू झाला. आपण बोलावलं की संपलं, ते जेवण त्यांच्या नावावर पडलं. त्यांनी फोन करून येतो म्हटलं तरी शंकेला जागा. म्हणून ते प्रज्ञालाही सांगत नसत. कापडी पिशवी घेऊन "बजारातून येतो" म्हणायचे आणि थेट बसस्टँड गाठायचे. दुपारी प्रज्ञाचा घाबरलेला फोन यायचा, "बाबा, मामाजी सकाळचे बजारात गेलते, आले नाई अजून." मी सांगायचो, "इथं पाटावर बसले हायत." लागोपाठ दोन रविवार ते कधी येत नसत, नाही तर आम्हाला अंदाज आला असता. कधी नेमकं आमच्याकडे पिठलं असे. मग ते पिठलं खात, वर ताक पीत आणि कपाळाला एक आठी न घालता पुन्हा दोन बसगाड्या करून परत जात. निव्वळ पिठल्यासाठी एवढा प्रवास करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मटण असलं की मात्र उलटतपासणी. कधी आणलं? सकाळी. सकाळी म्हणजे मी बसमध्ये बसलतो तेव्हा की त्याच्या आधी? कोणाला खावंसं वाटलं? बायको पहिल्या अनुभवानं शहाणी झाली होती. ती आता बेधडक खोटं बोलायची. शेजाऱ्याच्या नातवाचा वाढदिवस, माहेरचा कोणीतरी येऊन गेला, आणि दुसरं काही सुचलं नाही की माझी तब्येत. "ह्यायच्या तोंडाले चव नाई," "ह्यायले अशक्तपना आला." बायकोच्या सांगण्यानुसार मला त्या काळात सर्दीपासून काविळीपर्यंत सगळं होऊन गेलं. व्याही माझ्याकडे वळून विचारायचे, "व्हय का, इवाई?" मी मान हलवायचो. आजारी दिसायला मला वेगळे कष्ट पडत नाहीत, माझा चेहराच तसा आहे. मग ते समाधानानं वाटी ओढायचे. एका माणसाचं पहिलं शील सांभाळायचं म्हणून आमच्या घरात ते आले की चौथं, खोटं न बोलण्याचं, मोडलं जात होतं. हे मी बायकोला एकदा बोललो, तर तिनं मलाच कांदा चिरायला बसवलं.

एवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. पण मारेगावबाहेर कोंबड्यांचे मोठमोठे शेड उभे राहिले, आणि निवृत्त वायरमन उन्हाळ्यात तिथल्या पाण्याच्या मोटारी बघायला गेले. परत आले ते ब्रॉयलर कायमचा सोडून. त्यानंतर केळापूरकडच्या एका लग्नात आम्ही दोघं जेवणाच्या रांगेत होतो. पुढं चिकनचं पातेलं, वाढणारा पोरगा डाव उचलून उभा, मागं घामाघूम झालेली शंभरेक माणसं. यांनी ताट पाठीमागं धरलं आणि वाढप्याला विचारलं, "पानी कोनाचं पेली हे कोंबडी?"

वाढप्या म्हणाला, "काय मालूम, काका."

"मले मालूम हाय. उन्हाळ्यात गावाले टँकरची वाट पाहा लागते, अन् ह्यायच्या अंगावर फवारे सुरू! कोंबडी गर्मीनं मरू नये म्हनून पानी, अन् जगली की कापाची. सोयाबीन आपन पिकवाची, तेल काढून उरली तिची ढेप कोंबडीनं खायाची, अन् कोंबडी आपन खायाची. मंग सरळ सोयाबीनच्या वड्या खा ना, बापा! मधात ह्या बिचारीले काहून घालता?"

मागून कोणीतरी ओरडलं, "काका, खा नाई तं सरका!" ते सरकले. वरणभात घेतला. मी चिकन घेतलं आणि त्यांच्याकडे पाठ करून जेवलो.

बकरीवर मात्र त्यांचा फार विश्वास होता. बकरी धुऱ्याबांधावरचा पाला खाते, बाभळीच्या शेंगा खाते, नाल्यावर पाणी पिते, तिला ना टँकर ना फवारा, असं ते सांगायचे. आमचे जावई शाळेत मास्तर आहेत. ते एकदा सहज बोलून गेले, "बाबा, पन टेकडीवर बकऱ्यायनं एक झाड मोठं होऊ देल्लं नाई, ते पाह्यलं का?" दुसऱ्या दिवशी व्याही एकटेच टेकडीवर जाऊन आले. आल्यावर म्हणाले, "खरं हाय." तेव्हापासून वाटीत दोनच तुकडे घ्यायचे, बाकी नुसता रस्सा. मला या सगळ्याचा थकवा यायचा. आणि त्यांचं बोलणं चुकीचं असतं तर तो इतका आला नसता. ते बरोबर बोलत, मला ते कळत असे, आणि तरी रविवार आला की मी पिशवी घेऊन खाटकाकडे जात असे.

घात केला तो त्या खाटकानंच, आणि तोही अगदी प्रेमानं. एका रविवारी व्याही लवकर उतरले आणि आमच्या तोंडच्या दाखल्यावर विसंबण्याऐवजी थेट दुकानावर गेले. आमचं नाव सांगून विचारलं की त्यांच्याकडे आज मटण कोणासाठी नेलं. खाटीक कित्येक वर्षांचा ओळखीचा, मोकळा माणूस. तो म्हणाला, "आज का, नेहमीचंच हाय. आंधी पाऊन किलो नेत. आता त्यायचे इवाई कधीमधी न सांगता येते म्हनते, म्हनून दर रविवारी किलो नेते."

ते घरी आले आणि आत न येता ओट्यावरच टेकले. बायको पाण्याचा तांब्या घेऊन गेली. त्यांनी विचारलं, "ईनबाई, ज्या रविवारी मी येत नाई, त्या रविवारी माह्या वाट्याचं कोन खाते?"

का कोण जाणे, त्या दिवशी बायकोच्यानं खोटं बोलवलं नाही. म्हणाली, "उरते. सोमवारी हे खाते."

"म्हंजे मी नाई आलो तरी माह्यासाठी कापते," ते म्हणाले. "येतो महिन्यातून एकडाव, अन् नाव माह्यं दर रविवारी."

त्या दिवशी ते चटणीशी भाकर खाऊन गेले, पहिल्या दिवसासारखी. पण तारीफ केली नाही. त्यानंतर त्यांचं मटण सुटलं आणि आमच्याकडे येणंही सुटलं. माझे रविवार मोकळे झाले. आता निवांत जेवता येईल, असं मी बायकोला म्हणालोदेखील. पण दुपारी फाटक वाजलं की दोघांच्याही माना तिकडे वळायच्या, आणि दारात भलताच कोणीतरी उभा असायचा. मला त्यांची आठवण येत होती. बायकोजवळ मात्र मी तसं बोललो नाही.

मग त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. त्यातून उठले ते नुसता सापळा. रक्त फार कमी, गोळ्या सोसेनात, घेतल्या की उलटी. डॉक्टर म्हणाले, कलेजी द्या, पाया द्या, अंगात काहीतरी जाऊ द्या, नाही तर हे पुन्हा उभे राहायचे नाहीत. प्रज्ञा पालक, बीट, चणे, मसूर सगळं करून थकली, त्यांना दोन घासांवर जात नव्हतं. शेवटी तिनं कलेजी केली. फोनवर रडत होती, "मामाजींनं इचारलं कोनासाठी आनली. मी म्हटलं माह्यासाठी. त्यायनं नुसतं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् ताट सरकवलं. बाबा, मले आईसारखं खोटं बोलता नाई येत."

माझ्याकडे मात्र एक खरी गोष्ट शिल्लक होती. माझे गुडघे. ते कित्येक वर्षांपासून दुखतात आणि पायाचा रस्सा गुडघ्यांना चांगला, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. खरं तर मला पाया बघवतही नाही, तो तवंग पाहिला की मळमळतं. पण मी पिशवी भरली, दोन बस केल्या आणि मारेगावला पोचलो. प्रज्ञाला दारातच मोठ्यानं सांगितलं, "पोरी, गुडघ्यासाठी डॉक्टरनं मले पाया प्याले सांगतला हाय, रोज."

आतून खाटेवरून क्षीण आवाज आला, "इवाई, इकडं या. खाली बसा."

मी खाली बसलो.

"आता उठा. हात न टेकवता."

मी उठण्याचा प्रयत्न केला. गुडघ्यातून असा आवाज आला की प्रज्ञा चुलीपासून धावत आली. मी कळवळलो, तेही अगदी मनापासून. व्याह्यांनी पुन्हा एकदा बसायला लावलं, पुन्हा उठवलं, आणि मग मान डोलावली. "खरंच दुखते," म्हणाले. माझ्या उभ्या आयुष्यात कुठल्या साहेबानं माझी रजा इतकी तपासून मंजूर केली नव्हती.

पाया शिजला. मला वाटी मिळाली. त्यांनी पातेल्याकडे पाहून विचारलं, "एका वाटीसाठी भगुनंभर काहून केलं?"

प्रज्ञा म्हणाली, "पाया काय एका वाटीचा होते का, मामाजी?"

पाया एका वाटीचा होतच नाही, हे त्यांनाही पटलं. मग म्हणाले, "टाकू नोका. उरला असन तं आना इकडं."

मी नाक दाबून माझी वाटी संपवली आणि त्यांनी उरलेला पाया प्यायला. आठवडाभर राहिलो. त्यांच्या तोंडावर जरा रंग आला, माझं पोट बिघडलं. तेव्हापासून दर महिन्याला हीच वारी. मी गुडघे घेऊन जायचो, ते दारातच विचारायचे, "कसे हायत?" मी म्हणायचो, "तसेच." बरे होण्याची मला सोय राहिली नाही. मधे नेरच्या डॉक्टरनं एक तेल दिलं, त्यानं खरंच आराम पडला, तर मारेगावच्या बसस्टँडपासून घरापर्यंत मला आठवणीनं लंगडावं लागलं. या वयात हे नाटक अंगावर येतं. पण माणूस हिंडू-फिरू लागला होता.

गेल्या काही महिन्यांपासून त्यांना विसर पडू लागला आहे. आधी नावं गेली, मग वार गेले. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. मागच्या आठवड्यात प्रज्ञाचा फोन आला. आवाज मोकळा होता. "बाबा, आता तुमाले यवढ्या दूरून यायची गरज नाई. मामाजी इचारतच नाई आता. काल अर्धा किलो आनलं त्यायच्यासाठी. वाढलं ते खाल्लं गुपचाप."

मी फोन ठेवला. त्या एका प्रश्नानं मला जन्माचा वैताग दिला होता, आणि आता तो प्रश्न राहिला नाही, हे मला सोसेना. बायकोला सांगितलं. तिनं माझी पिशवी काढून ठेवली.

मी गेलो तेव्हा ते जेवायलाच बसले होते. ताटात कलेजी. मला पाहून हसले, पण मी कोण हे लागलीच उमगलं नसावं. भाकर मोडली, घास केला. मी वाट पाहत होतो. त्यांनी विचारलं नाही. घास तोंडात गेला.

मी आत जाऊन प्रज्ञाला म्हणालो, "पोरी, त्यायच्या नावानं आनू नको."

ती म्हणाली, "बाबा, त्यायले कुठं कळते आता?"

"त्यायले नाई कळत. आपल्याले तं कळते ना! पाया आन उद्या. माह्यासाठी."

दुसऱ्या दिवशी पाया शिजला. मी त्यांच्या शेजारी बसून, त्यांना ऐकू जाईल असं मुद्दाम म्हणालो, "प्रज्ञा, माह्यासाठी केला ना? गुडघे लय दुखून राह्यले." ते खिडकीबाहेर बघत होते. आधी माझी वाटी आली, मग उरलेल्यातली त्यांची. त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि थांबले. माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिले. कपाळावर ती जुनी, तपासणीची आठी.

"दुखते का अजून?" त्यांनी विचारलं.

"दुखते."

"मंग हे बी तुमीच प्या." आणि दोन बोटांनी आपली वाटी माझ्याकडे सरकवली.

मी म्हणालो, "माह्यं झालं, इवाईबुवा. हे उरलेलं हाय."

"उरलं हाय ना?"

"उरलं हाय."

मग त्यांनी वाटी परत ओढून घेतली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

निघताना भिंतीला धरत दारापर्यंत आले. माझं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण हात हातात घेऊन म्हणाले, "येत जा. सांगू गिंगू नोका, असेच येत जा." मी जयभीम घालून निघालो. ते दारात उभे होते, म्हणून रस्ताभर लंगडत गेलो. वळण आलं, घर दिसेनासं झालं, बसस्टँड समोर आलं, आणि तरी मी लंगडतच होतो.